ऑपरेशननंतर घरी गेल्यावर

(संस्थेच्या हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात आमच्या क्षेत्रातील कार्यकर्त्या भगिनींनी केलेलं भाषण. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिला आहे 'क्षेत्रातील काम'. दरवर्षी मी बालवाडी, आश्रमशाळेतली मुलं, पाण्याची टाकी असं सगळं थोडं थोडं सांगते आणि वेळ संपला की खाली बसते. यंदा एकाच गोष्टीवर बोलणार आहे, आणि ती गोष्ट म्हणजे व्हिटॅमिन डी. काही जण हसले. हसायला हरकत नाही. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांच्या घरी फ्रिजवर त्याची पाकिटं पडलेली असतील, आठवड्याला एक घ्यायची म्हणून आणलेली आणि दुसऱ्या आठवड्यात विसरलेली. मी ज्या पाकिटांबद्दल बोलणार आहे ती फ्रिजवर नव्हती, कारण त्या घरात फ्रिज नाही. ती आढ्याला टांगलेल्या पिशवीत होती.

मागच्या वर्षी आपल्या त्रैमासिकात एक फोटो छापला होता, काहींना आठवत असेल. हॉस्पिटलचा व्हरांडा, कमरेला पट्टा बांधलेला एक तरुण, हातात वॉकर, शेजारी त्याची बायको. खाली ओळ होती, की आपल्या मदतीने तो पुन्हा उभा राहिला. ती ओळ मीच लिहिली होती. तुमचे फोन आले, एका आजींनी पेन्शनमधून पैसे पाठवले. फोटो खरा होता. तो माणूस त्या दिवशी उभा होता. पुढे काय झालं ते मी तेव्हा लिहिलं नाही, कारण मलाच ते माहीत नव्हतं.

तो मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. नाव सांगत नाही, आपण त्याला भाऊ म्हणू. वय तिशीच्या आतबाहेर. आमच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. त्यासाठी ऐनाच्या झाडावर चढून टहाळ तोडावा लागतो. भाऊ असाच चढला होता. पाय ठेवलेली फांदी मोडली आणि तो पंधरा-वीस फुटांवरून बसकणीवर आदळला. छातीचा भाग संपून कंबर जिथे सुरू होते तिथला मणका फुटला. उंचावरून पडलेल्या माणसाचा बहुधा त्याच जागेचा मणका जातो. वरचा भाग फासळ्यांनी जखडलेला असतो, खालची कंबर वाकणारी असते, आणि सगळा मार मधल्या सांध्यावर येतो.

इथे जाता जाता एक सांगते. पाड्यावरच्या लोकांनी त्याला चादरीच्या झोळीत घालून, बांबूला टांगून रस्त्यापर्यंत आणलं. माया होती म्हणूनच चार माणसांनी दीड तास खांदा दिला. पण मणका मोडलेल्या माणसाला झोळीत दुमडून आणणं फार धोक्याचं असतं. घराचं दार उचकटा, फळी घ्या, काहीही सपाट घ्या आणि त्याला न वाकवता सरळ ठेवा. आता आम्ही तीन पाड्यांवर पट्टे लावलेली एकेक फळी ठेवली आहे.

ऑपरेशन शासनाच्या योजनेत बसलं. येण्याजाण्याचा, राहण्याचा, पट्ट्याचा आणि बाहेरच्या औषधांचा खर्च तुम्ही दिलात. डॉक्टरांनी फुटलेल्या मणक्याच्या वर आणि खाली स्क्रू बसवले, दोन्ही बाजूंनी रॉड टाकले, मज्जारज्जूवरचा दाब काढला आणि हाडाचे तुकडे लावून मणके एकमेकांना सांधण्याची सोय केली. बाराव्या दिवशी फोटो निघाला. त्यानंतर भाऊ घरी गेला आणि पाऊस सुरू झाला.

आम्ही जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्याच्याकडे गेलो नाही. रस्ता खचला होता, हे खरं आहे. आणखी एक खरं सांगायचं तर, ऑफिसातल्या वहीत त्याच्या नावापुढे मी 'पूर्ण' असं लिहून टाकलं होतं.

ऑक्टोबरात गेले तेव्हा वहिनी अंगणात भात वाळवत होत्या. भाऊ घरात होता. आमच्याकडची घरं तुम्हाला माहीत नसतील तर सांगते. कारवीच्या कुडाच्या भिंती, वरून शेणामातीचा लेप, खिडकी नाही. दारातून येईल तेवढाच उजेड. तो मागच्या कोपऱ्यात, चुलीच्या पलीकडे घोंगडीवर पडून होता. हॉस्पिटलात त्याला चालता येत होतं. आता उठून बसायलाच दोन माणसं लागत होती. मांड्यांत जोर नव्हता, नडग्यांवर बोट दाबलं तरी दुखत होतं, पाठ रात्रंदिवस ठणकत होती. वहिनींना विचारलं, त्याला बाहेर का आणत नाही? त्या म्हणाल्या, "वारं लागंल ताई, टाकं उसवतील." चार महिने त्याने ऊन पाहिलं नव्हतं. वहिनींनी हे सगळं काळजीपोटी केलं होतं. टाके कधीच सुकले होते, पण तसं सांगणारं कोणी त्या घरी आलं नव्हतं.

मग त्यांनी आढ्याची पिशवी काढली. एक्स-रे, डिस्चार्जचा कागद आणि व्हिटॅमिन डीच्या पावडरीची पाकिटं. हॉस्पिटलातून आठ दिली होती, सात शिल्लक होती. कागदावर सगळं इंग्रजीत. तोंडी मात्र त्यांना नीट सांगितलं होतं आणि ते त्यांच्या नीट लक्षातही होतं, की आठवड्यातून एक, दुधातून घ्यायचं. घरात दूध नव्हतं. शेळी गाभण होती. ती व्याली की दूध निघेल, मग देऊ, म्हणून वहिनींनी पाकिटं उंदरांपासून जपून वर टांगून ठेवली होती.

मला त्या दिवशी काय वाटलं ते इथे सांगत बसत नाही. दुधातून घ्या म्हणतात त्याचं कारण साधं आहे. व्हिटॅमिन डी स्निग्धात विरघळतं, म्हणून पोटात थोडं तेल-तूप किंवा दूध असताना ते चांगलं शोषलं जातं. दूधच पाहिजे असं काही नाही. तेलातली भाजी-भाकरी जेवून वर पाण्यातून घेतलं तरी चालतं. हे एक वाक्य त्या घरात चार महिने उशिरा पोहोचलं.

आता त्या पाकिटाचा आणि मणक्याचा संबंध काय ते सांगते. मी डॉक्टर नाही. जे हाडांच्या डॉक्टरांकडून, वाचून आणि पाड्यांवर फिरून कळलं, तेवढंच सांगते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी घरं बांधली आहेत. स्लॅब टाकताना खाली सेंटरिंग लावतात. स्लॅब धरून ठेवण्याचं काम तेव्हा सेंटरिंग करतं. काँक्रीट पक्कं होतं ते पुढच्या दिवसांत, आणि त्यासाठी रोज पाणी मारावं लागतं. पाणी मारलं नाही तर सेंटरिंग कितीही मजबूत असो, स्लॅब कच्चा राहतो. मणक्यातले स्क्रू आणि रॉड हे असंच सेंटरिंग आहे. फरक एवढाच, की ते सहसा काढत नाहीत. पण हाड एकजीव झालंच नाही तर तोच धातू महिन्यामहिन्यांनी हलत जातो, सैल होतो, कधी मोडतोही. मणके सांधायला सहा महिने ते वर्ष लागतं. म्हणजे सर्जनचं काम चार-पाच तासांचं, आणि हाडाचं काम वर्षभराचं. ते वर्ष माणूस हॉस्पिटलात नसतो, घरी असतो.

नवीन हाड आधी मऊ सांगाड्यासारखं तयार होतं, नंतर त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरून ते टणक होतं. आपण खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात आणायला व्हिटॅमिन डी लागतं. ते नसेल तर खाल्लेलं बरंचसं वाया जातं, आणि रक्तातली पातळी टिकवण्यासाठी शरीर जुन्या हाडांतूनच कॅल्शियम काढू लागतं. नवीन हाड मऊ राहतं, जुनं पोखरतं. स्नायूही दुबळे होतात, विशेषतः मांड्यांचे. उकिडवं बसलं की उठता येत नाही. भाऊची लक्षणं हीच होती.

आम्ही त्याला पुन्हा हॉस्पिटलात नेलं, या वेळी फळीवर. रक्तातलं व्हिटॅमिन डी ११ नॅनोग्रॅम निघालं. साधारणपणे २० च्या खाली कमतरता समजतात. एक्स-रेत खालच्या एका स्क्रूभोवती बारीक काळी कड दिसत होती. डॉक्टरांनी ती बोटाने दाखवली आणि म्हणाले, इथे स्क्रूची पकड ढिली व्हायला लागली आहे. लगेच पुन्हा ऑपरेशन नको, तीन महिने देऊ, पण हे तीन महिने मागच्यासारखे जाता कामा नयेत. ते माझ्याकडे बघून म्हणाले. बरोबरच होतं.

तुम्ही विचाराल, आणि मीही विचारलं होतं, की जन्मभर उन्हात राबणाऱ्या आदिवासी माणसाला व्हिटॅमिन डी कमी कसं पडेल? उन्हात राबतो तोवर बहुधा पडत नाही. पण त्याची साठवण काही महिनेच पुरते, आणि अंगावर पडलो की ऊन बंद. त्यात पावसाळा. सावळ्या कातडीला तेवढंच व्हिटॅमिन डी तयार करायला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं. शिवाय पाऊसकाळ हा आमच्याकडे कणग्या रिकाम्या असण्याचा काळ. भात आणि मीठ-मिरची. कॅल्शियम कुठून येणार, प्रथिनं कुठून येणार? हाडाला सगळ्यात जास्त गरज होती नेमका तेव्हाच हा माणूस अंधारात उपाशी पडला होता.

ही काही फक्त आमच्या पाड्यांची गोष्ट नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मणके सांधण्याच्या ऑपरेशनसाठी आलेल्या तीनशेहून अधिक लोकांचं रक्त आधी तपासलं होतं. २०१३ साली ते प्रसिद्ध झालं. निम्म्याहून अधिक लोकांत व्हिटॅमिन डी पुरेसं नव्हतं आणि पावभागाहून अधिक लोकांत सरळ कमतरता होती. यूटा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१५ साली अशाच रुग्णांवर पाठपुरावा करून दाखवलं, की ज्यांच्यात कमतरता होती त्यांचे मणके सांधायला जास्त वेळ लागला आणि न सांधण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. आता यावरून लगेच 'पाकीट घ्या, मणका सांधेल' असं म्हणायचं नाही. ज्याचं व्हिटॅमिन डी कमी, त्याचं खाणं, हिंडणंफिरणंही बहुधा कमीच असतं, आणि त्याचाही वाटा असतोच. आणि ज्यांना ते कमी नाही त्यांना जादा देऊन हाडं काही पोलादाची होत नाहीत. अमेरिकेतच पंचवीस हजारांहून अधिक लोकांवर काही वर्षं प्रयोग झाला. त्यांत कमतरता असलेले असे निवडून घेतले नव्हते, सर्वसाधारण धडधाकट माणसं होती. त्यांची हाडं मोडण्याचं प्रमाण काही घटलं नाही, हे २०२२ साली जाहीर झालं. रिकामं मडकं भरायचं. भरलेल्यात ओतत राहण्यात अर्थ नाही.

भाऊच्या त्या तीन महिन्यांत आम्ही काही जगावेगळं केलं नाही. आठवड्याला एक पाकीट, रविवारी, आमची गावातली आरोग्य ताई स्वतः हजर राहून. आठ आठवडे. कॅल्शियमच्या गोळ्या जेवणानंतर. नागलीची भाकर घरात होतीच. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या जवळपासही नसतं. पण आजाऱ्याला भात पचतो म्हणून त्याला मुद्दाम भातच देत होते. शेवग्याचा पाला परसात होता. सुकट आणि काट्यासकट खायची बारीक सुकी मासळी बाजारातून आणली. रोज दोन अंडी, ती तुमच्या पैशांतून. आणि विडी बंद. हे सगळ्यात अवघड गेलं. निकोटिन हाड सांधू देत नाही, ही गोष्ट मणक्याचे सर्जन कळकळीने सांगतात. भाऊने विडी सोडली असं मी म्हणणार नाही. वहिनींनी ती लपवली, असं म्हणू.

आणि ऊन. त्याला रोज अकराच्या सुमाराला बाजेसकट अंगणात आणायचं. अंगात सदरा नाही, जखमेच्या व्रणावर फडकं, डोक्यावर टोपली किंवा पंचा. अर्धा तास. आपल्याकडे कोवळं ऊन चांगलं म्हणतात. मीसुद्धा बाळंतिणींना वर्षानुवर्षं तेच सांगत आले. पण सूर्य खाली असताना जे किरण कातडीत व्हिटॅमिन डी तयार करतात ते वातावरणातच अडतात. सकाळी साताचं ऊन अंगाला बरं वाटतं, त्याने हे काम फारसं होत नाही. पाड्यावर घड्याळ नाही म्हणून आम्ही एक खूण सांगितली. तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड झाली की बाहेर या. पोरांना ती फार आवडली. ती रोज अंगणात उभी राहून सावल्या मोजायची आणि ओरडत काकाला बाहेर काढायची.

जानेवारीत स्क्रूभोवतीची कड वाढली नव्हती. मेमध्ये एक्स-रेत मणक्यांमध्ये हाड दिसलं. भाऊ आता चालतो. डावा पाय थोडा ओढतो, तो ओढतच राहील असं डॉक्टर म्हणतात. झाडावर चढणं कायमचं बंद, ओझं बंद. भिवंडीकडच्या वीटभट्टीवर दिवाळीनंतर ते दोघं जायचे, तेही बंद. आता वहिनी एकट्या जातात आणि तो घरी पोरं आणि शेळ्या सांभाळतो. हे मुद्दाम सांगते, कारण फोटोत हे दिसणार नाही. तो व्हिटॅमिन डीने बरा झाला का? मला विचाराल तर तो ऊन, अंडी, पाकिटं, चालण्याचा सराव आणि त्या आरोग्य ताईच्या रविवारांनी बरा झाला. त्यातलं नेमकं कुठलं किती, हे मी वेगळं काढून दाखवू शकत नाही.

आता आश्रमशाळेतल्या एका मुलीबद्दल थोडं सांगते, कारण तिची गोष्ट वेगळी आहे. तिची पाठ पाच-सहा महिने दुखत होती. खेळायला जात नाही म्हणून आळशी ठरली होती. पुढे पाठीत बारीक कुबड दिसलं तेव्हा कळलं, मणक्याचा क्षय. डॉक्टर त्याला पॉट्स स्पाइन म्हणतात, पर्सिव्हल पॉट नावाच्या लंडनच्या सर्जनने १७७९ साली त्याचं वर्णन केलं म्हणून. तिचंही ऑपरेशन झालं. पण तिचं खरं उपचाराचं काम गोळ्यांचं आहे आणि त्या वर्ष-दीड वर्ष चालतात. त्यांतलं रिफाम्पिसिन हे औषध यकृताला असं कामाला लावतं की शरीरातलं व्हिटॅमिन डी लवकर खर्च होतं. म्हणजे आधीच कमी, त्यात औषधाने आणखी ओढ. म्हणून क्षयाच्या गोळ्या चालू असलेल्या मणक्याच्या रुग्णाचं व्हिटॅमिन डी तपासून घ्या, असं आम्ही आता डॉक्टरांना आठवण करून देतो. गोळ्या बंद करायच्या असा याचा अर्थ कोणी घेऊ नका. गोळी एक दिवसही चुकता कामा नये. क्षयरुग्णाला सकस आहारासाठी सरकारकडून महिन्याला मिळणारे पैसे २०१८ पासून पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले आहेत. बँकेचं खातं नाही म्हणून ते अडकतात, ते सोडवणं हे आमचं एक मोठं काम आहे.

गंमत अशी, की क्षयाच्या गोळ्या नव्हत्या तेव्हा हाडाच्या क्षयावर उन्हाचाच उपचार करायचे. स्वित्झर्लंडमध्ये लेझँ नावाच्या डोंगरातल्या गावी ऑगस्त रोलिए या डॉक्टरांनी १९०३ साली उन्हाचं इस्पितळ काढलं. मणक्याचा क्षय झालेली मुलं गच्चीवर ओळीने पालथी निजवलेली असत. पहिल्या दिवशी फक्त पावलांना पाच मिनिटं ऊन, मग रोज थोडं थोडं वर चढवत न्यायचं. व्हिटॅमिन डी हे नावसुद्धा तेव्हा नव्हतं, ते १९२२ साली पडलं. उन्हाने क्षय बरा होतो असं आज कोणी म्हणणार नाही आणि आपणही म्हणू नये. पण आजाऱ्याला उजेडात ठेवायचं, हे त्या लोकांना कळलं होतं. औषधं आल्यावर ते आपण विसरलो, असं मला कधी कधी वाटतं.

आता थोडं तुमच्याबद्दल. उन्हात राबणारे आम्ही आणि सावलीत बसणारे तुम्ही, दोघांत हा प्रश्न तुमचा जास्त आहे. फ्लॅट, ऑफिस, गाडीची काच. काचेतून ऊब येते, पण लागणारे किरण बहुतेक अडतात. इथे ज्यांची कमरेची, मानेची ऑपरेशनं ठरली आहेत, त्यांनी ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना विचारून ही तपासणी करून घ्यावी. कमी असेल तर भरून काढायला दोन-तीन महिने मिळतात. पण उगाच भीतीने पाकिटं खाऊ नका. ६०,००० युनिटचं ते पाकीट आठवड्याला असतं. ते रोज घेतल्यामुळे रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, तहान, मूत्रपिंडाला इजा, इथपर्यंत गेलेले लोक आहेत. ज्यांना मुतखडा आहे त्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. आणि एक नम्र विनंती. मागच्या वर्षी एका मंडळीने प्रेमाने घरोघरची उरलेली औषधं गोळा करून खोकं पाठवलं. निम्म्याची तारीख उलटून गेली होती. ती वेचण्यात माझे दोन दिवस गेले. एका पाकिटाला वडापाव आणि चहाएवढे पैसे लागतात. ते पैसे पाठवा, औषध आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ताजं घेऊ.

मी थिऑलॉजीचा डिप्लोमा करत होते तेव्हा चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर परीक्षेत प्रश्न आला होता. मी चार पानं लिहिली, मार्कही चांगले पडले. शेजारी कोण, याजक आणि लेवी का निघून गेले, तेल आणि द्राक्षारस, सगळं लिहिलं. आता वाचताना माझं लक्ष दुसरीकडेच जातं. हा दाखला लूकने लिहून ठेवला, आणि लूक वैद्य होता. शोमरोन्याने जखमा बांधल्या, उतारशाळेत नेलं, रात्रभर जवळ राहिला. दुसऱ्या दिवशी दोन नाणी दिली. मी असते तर तिथेच वहीत 'पूर्ण' लिहिलं असतं. तो मात्र रखवालदाराला सांगतो, याला सांभाळ, जास्त खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन. त्याचा माणूस अजून बरा झालेला नाही हे त्याला माहीत आहे, आणि परत यायचं त्याने जातानाच ठरवलेलं आहे.

आमच्या वहीत आता 'पूर्ण' हा रकाना ऑपरेशनच्या तारखेजवळ नाही. त्याच्या आधी सहा रकाने टाकले आहेत. पंधरा दिवसांनी भेट, मग सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, नऊ महिने, वर्ष. प्रत्येक भेटीत पाहायचं ते ठरलेलं आहे. माणूस बाहेर येतो का, चुलीवर काय शिजतं, पाकिटं किती उरली, विडी, पट्टा, पायातला जोर. डिस्चार्जच्या कागदामागे आम्ही मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून देतो, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दारावर कोळशाने आठ रेघा काढतो. पाकीट घेतलं की एक रेघ पुसायची. ही युक्ती वहिनींची. आता त्या शेजारच्या पाड्यावर एका विहिरीत पडलेल्या बाईच्या घरी जाऊन ती सांगतात. दूध नसलं तरी चालतं, हेही.

सध्या वहीत सहा जण आहेत. दोघांची मणक्याची ऑपरेशनं झाली आहेत, एकाचं व्हायचं आहे, तीन क्षयाची मुलं. पाऊस सुरू व्हायच्या आत सगळ्यांकडे पुढच्या चार महिन्यांची औषधं, कडधान्यं आणि सुकी मासळी पोहोचवायची आहे, कारण एकदा रस्ता गेला की गेला. जीप ठरवली आहे, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस. मागे दोन माणसांची जागा आहे. तुमच्यापैकी कोणी येणार असेल तर टोपी आणि पाण्याची बाटली आणा. भाऊला कॅमेरा आवडत नाही, तेवढा घरी ठेवा.